सोलापूरचं लायसन्स दुबईत चालेल का?

नोकरीचा रेसिडेन्स व्हिसा लागला की नाही चालत. फिरायला येणाऱ्याला आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी भाड्याने मिळते, पण राहणाऱ्याला तिथलंच लायसन्स लागतं, आणि भारतीय लायसन्स थेट बदलून देत नाहीत. लेखी, पार्किंग, रस्ता अशा सगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. खिसा बराच हलका होतो, तेवढी तयारी ठेवा.

जुळे सोलापुरात पंधरा वर्षं गाडी चालवली असली तरी क्लास टाळू नका. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा; हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं. खरी गोची चौकात होते. सोलापूरच्या सात रस्ता चौकात आपण नाक घुसवून वाट काढतो. तिथे गोल चौकात आत असलेल्या गाडीचा मान पहिला, डावीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचं. परीक्षक इथेच नापास करतात.

वेगाचं एक लक्षात ठेवा: दुबईत पाटीवरच्या मर्यादेपेक्षा २० किलोमीटरपर्यंत कॅमेरा सोडून देतो, अबू धाबीत ही सूट २०१८ पासून बंद आहे. अबू धाबीची हद्द लागली की ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. आणि टोलनाका शोधत बसू नका, 'सालिक'चे, म्हणजे दुबईच्या टोलचे, पैसे काचेवरच्या टॅगमधून आपोआप कापले जातात.