सॅमनला झटका देऊ नका

प्रश्न : मी मांडवीत आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मानशीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर, सुंगट (कोळंबी) लावून चोणक (जिताडा) गरवतो. मे अखेरीस मुलीकडे स्कॉटलंडला जाणार आहे. तिथे हायलँड्समध्ये फ्लायने, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेल्या नकली किड्याने, ट्राउट आणि सॅमन गरवायचे आहेत. सराव करतो तर लाइन पायाशी ढीग होऊन पडते, कधी चाबकासारखी फाटकन वाजते. काय चुकतं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्याकडे शिसं दोरीला ओढत नेतं. फ्लायला वजनच नसतं. इथे जाड लाइनच फेकायची असते आणि तीच काठीला वाक देते. काठी मागे नेऊन डोक्याच्या जरा मागे थांबवा, लाइन पाठीमागे सरळ उलगडू द्या, मगच पुढे आणा. उलगडण्याआधी घाई केलीत की फाटकन आवाज होतो. फ्लाय बांधलेली असती तर तुटून गेली असती. ढीग पडतो तो मनगट मोडून काठी पार खाली गेल्यामुळे, किंवा पुढे ती ठामपणे न थांबवल्यामुळे. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा, आठ-दहा मीटरच लाइन सोडा आणि मान वळवून मागे खुशाल बघा.

ट्राउटसाठी 9 ते 10 फुटी, 5 किंवा 6 क्रमांकाची काठी (क्रमांक लाइनच्या वजनाचा), तरंगती लाइन आणि साधारण 9 फुटांचा लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा, पुरे. तिथल्या तळ्यांना ‘लॉख’ म्हणतात. वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या होडीतून एकाच लीडरवर तीन फ्लाय लावायची तिथे जुनी पद्धत आहे. तुम्ही एकच लावा, नाहीतर दिवस गुंता सोडवण्यात जाईल.

सॅमनचं गणित निराळं. समुद्रातून नदीत चढल्यावर तो खातच नाही. फ्लायवर झडप का घालतो, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. काठी 13 ते 15 फुटी, दोन हातांनी धरायची. मागे झाडी असली तरी स्पे पद्धतीने लाइन पाण्यावरूनच वळवून फेकता येते. प्रवाहाच्या खालच्या बाजूला तिरकी, साधारण 45 अंशांत टाका, फ्लाय काठाकडे वळत येऊ द्या, एक-दोन पावलं खाली सरका, पुन्हा टाका. ओढ जाणवली की सवयीने झटका द्याल, आणि नेमका तिथेच मासा सुटेल. त्याला फ्लाय घेऊन वळू द्या, रीळमधून लाइन जाऊ द्या, लाइन जड झाली की मग काठी सावकाश उचला.

स्कॉटलंडमध्ये सरकारी रॉड लायसन्स नाही, पण त्या-त्या पाण्याच्या मालकाचा परवाना लागतो. ब्राउन ट्राउटचा हंगाम 15 मार्च ते 6 ऑक्टोबर. सॅमनच्या तारखा नदीगणिक बदलतात आणि रविवारी सॅमन गरवायला कायद्याने बंदी आहे. अनेक नद्यांवर पकडलेला सॅमन सोडावाच लागतो, म्हणून गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाका. वारा पडला की मिज नावाचे बारीक चावरे किडे उठतात. तोंडावर घ्यायची जाळी न्या.

प्रश्न : तीच ट्राउटची काठी परत आणून चोणकासाठी चालेल?
— तोच वाचक

उत्तर : नाही. 8 किंवा 9 क्रमांकाची घ्या. थंड पाण्याची लाइन आपल्या उन्हात मऊ पडून चिकटते, तेव्हा उष्ण हवामानाची वेगळी लागते. चोणकाच्या गालफडाची कड धारदार असते. म्हणून फ्लायजवळचा शेवटचा दोन फुटांचा धागा 40 पौंडांची ओढ सोसणारा ठेवा. इथे थांबून चालत नाही: मासा लागताच काठी न उचलता हाताने लाइन जोरात खेचा. ओहोटीला मानशीतून पाणी सुटतं, तेव्हा बाहेरच्या बाजूला फेका. मात्र मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, त्यामुळे ज्याने ती घेतली आहे त्याला आधी विचारा. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवा.