आठ अँटेनांपेक्षा वरच्या मजल्यावर एक वायर न्या

भाऊ, तुम्ही लिहिलंय की नागपुरात मानेवाड्याला दोन मजली घर, सहा माणसं, वीसेक डिव्हाइस, त्यात चार वाय-फाय कॅमेरे, प्लॅन २०० एमबीपीएसचा. संध्याकाळी वर बसून कॉल घेतला की आवाज तुटतो, म्हणून आठ अँटेनांचा गेमिंग राउटर घ्यायचा विचार आहे. जरा थांबा.

आधी हिशेब करू. फोर-के सिनेमाला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस मागतं. दोन्ही टीव्ही लावले तर ३०. व्हिडिओ कॉलला चार-चार धरा, तीन कॉलचे १२. कॅमेरे, मोबाईल सगळं धरलं तरी साठ-सत्तरच्या पुढे सहसा जात नाही. २०० चं नेट तुम्हाला भरपूर आहे, अडतंय ते हवेत. एका चॅनलवर, म्हणजे वाय-फायच्या एका वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी पाळी येईपर्यंत गप्प राहायचं, असा वाय-फायचा कारभार. गच्चीवरच्या कॅमेऱ्याला रेंजची एकच दांडी असेल, तर तेवढाच डेटा पाठवायला तो कितीतरी जास्त वेळ खातो. रेशनच्या रांगेत पुढचा माणूस चिल्लर मोजत बसला की मागच्यांचं जे होतं, तेच तुमच्या कॉलचं होतंय.

आमच्याकडे दर एप्रिलात वरचं नेट बिघडायचं. दोन उन्हाळे मी नेटवाल्याशी भांडलो. तिसऱ्या वर्षी बायको म्हणाली, "हे कूलर लावल्यावरच कसं होतं हो?" पाहतो तर काय, कूलर जिन्याच्या दारात आणि राउटर त्याच्यामागच्या कोनाड्यात! पत्र्याची बॉडी सिग्नल परतवते, टाकीतलं पाणी शोषून घेतं. राउटर उचलला, जिन्याच्या वळणावर डोक्याच्या वर ठोकला. फुकटात काम झालं. नेटवाल्याला फोन करून तसं सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

आता खरेदी. डब्यावरचा मोठा आकडा बघू नका. वाय-फाय दोन बँडवर, म्हणजे दोन लहरींवर चालतं: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. 'एसी १२००' म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ एमबीपीएस यांची बेरीज, तीही कागदावरची. दुकानदाराला एकच विचारा: वायर खोचायचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे आहेत का? स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. त्यात २०० चा प्लॅन लावला तर पंचाण्णवच्या आसपास अडकतो, आणि माणूस जन्मभर कंपनीला शिव्या देतो.

दुसरं, वाय-फाय ६ घ्या. वाय-फाय ५ ची सुधारणा फक्त ५ गिगाहर्ट्झपुरती होती, ६ दोन्ही बँडवर चालतं आणि एकाच फेरीत अनेक डिव्हाइसना थोडा थोडा डेटा वाटू शकतं. जुन्या कॅमेऱ्यांना याचा उपयोग नाही, नव्या फोन-लॅपटॉपना आहे. कॅमेरे २.४ वर ठेवा, चॅनल १, ६ किंवा ११ पैकी ज्यावर शेजाऱ्यांची गर्दी कमी तो. कॉलचे लॅपटॉप ५ वर.

पण खरा पैसा वायरवर घाला. ५ गिगाहर्ट्झ स्लॅबमधून नीट जात नाही, अँटेना आठ असोत की अठरा. बर्डीच्या बाजारातून कॅट ६ नेटवर्क केबल आणा, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, ती नको. ती जिन्यातून वर न्या आणि तिथे दुसरा साधा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवेल. पुढेमागे मेश (दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वाय-फाय) करायचं असेल तर दोन्ही एकाच कंपनीचे घ्या. वायर टाकणं शक्यच नसेल तर दोन नगांचा मेश संच, मात्र दुसरा नग रेंज चांगली असते तिथेच ठेवायचा, रेंज संपते तिथे नाही. आलेला सिग्नलच पुढे ढकलणाऱ्या रिपीटरच्या नादी लागू नका.

नेटवाल्याने बसवलेल्या डब्याला ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो फक्त नेट पुढे देईल, नाहीतर दोन राउटर एकामागे एक भांडत बसतात.

आणि बहुतेक घरगुती राउटरवर चालण्याचं तापमान ४० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. आपल्या मे महिन्यात वरच्या बंद खोलीत ते केव्हाच ओलांडलं जातं, तेव्हा कपाटात कोंबू नका. लाइट गेल्यावर नेट हवं असेल तर राउटरपुरता १२ व्होल्टचा मिनी यूपीएस (छोटी बॅटरी) घ्या, फक्त ॲडॉप्टरवर १ अँपिअर लिहिलंय की २, ते आधी बघा. आणि तो नेटवाल्याच्या डब्यालाही लागतो, हे लोक विसरतात.