वाचकांचे प्रश्न : नऊ दिवसांत इटली

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयता मे महिन्यात नऊ दिवसांसाठी इटलीला जाण्याच्या विचारात आहोत. प्रवासी कंपनीच्या पत्रकात रोम, पिसा, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि मिलान अशी पाच शहरे आहेत. ‘चार चर्च पाहिली की पाचवे तसेच दिसते,’ असे जाऊन आलेले नातेवाईक सांगतात. खरोखर एवढे पाहण्यासारखे आहे काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्या नातेवाइकांचे म्हणणे खोटे नाही, मात्र दोष चर्चचा नसून पत्रकाचा आहे. पहिल्या खेपेस मीही अशीच पाच शहरे आठ दिवसांत उरकली आणि पिसाच्या कलत्या मनोऱ्यापाशी बसवाल्याने दिलेली चाळीस मिनिटे छायाचित्रे काढण्यातच संपली. दुसऱ्या खेपेस केवळ रोम आणि फ्लोरेन्स येथेच राहिलो. आपणही तसेच करावे आणि व्हेनिसचा मोह या वेळी आवरावा, असे मी सुचवीन.

रोममधील पॅन्थिऑन हे प्राचीन रोमन मंदिर इसवी सन 126 च्या सुमारास पूर्ण झाले. त्याचा 43 मीटर व्यासाचा घुमट काँक्रीटचा असून त्यात लोखंडी सळई नाही, आणि माथ्यावरील गोल झरोका उघडाच आहे. पाऊस आला तर तो थेट आत पडतो आणि जमिनीतील बारीक भोकांतून निघून जातो. बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती या जैन मंदिरात छताचे दगडी कमळ मान वर करून पाहिले असेल, तर येथेही तितकाच वेळ उभे राहावे. उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकताना दिसतो.

फ्लोरेन्सच्या कॅथीड्रलचा, म्हणजे मुख्य चर्चचा, घुमट ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने 1420 ते 1436 या काळात उभारला. आपले गवंडी कमान बांधताना खाली जे लाकडी सेंटरिंग लावतात, तसे जमिनीपासून काहीही न उभारता त्याने विटांचे दोन घुमट एकात एक चढवत नेले. या दोहोंमधील अरुंद जिन्याने वर जाता येते. पायऱ्या 463 आहेत, लिफ्ट नाही आणि वेळेचे आरक्षण आधीच करावे लागते. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच पाहावे. चढणाऱ्याने मात्र एखाद्या वळणावर थांबून भिंतीकडे नीट पाहावे. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर उभ्या बसवलेल्या विटा दिसतात. ओला थर घसरू नये, म्हणून या उभ्या विटा आडव्या विटांना धरून ठेवीत.

वहिनींनी साडी नेसली तर चर्चच्या दारात खांदे व गुडघे झाकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पायात मात्र जाड तळव्याचे बूट हवेत, कारण जुन्या रोमचे रस्ते काळ्या ज्वालामुखी दगडाच्या ठोकळ्यांचे आहेत. रस्त्याकडेला लोखंडी नळांतून अखंड वाहणारे पाणी पिण्यायोग्य असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या भोकातून कारंजे उडते, त्यामुळे ओंजळ धरावी लागत नाही.

आणि आपण निपाणीचे, म्हणजे कोल्हापूर आपल्याला घरचेच, म्हणून पत्रकात नसलेली एक जागा सांगतो. करवीरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्स येथे निवर्तले. दहनाची प्रथा नसलेल्या त्या शहरात खास परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचा अंत्यविधी झाला. तेथे 1874 मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. ती छत्री कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा करणाऱ्या चार्ल्स मँटने योजली होती. शेजारच्या आधुनिक पुलालाही ‘पोन्ते आल्लिंदियानो’, म्हणजे ‘त्या हिंदी माणसाचा पूल’, असेच नाव आहे. हे स्मारक काशीने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला असून झाडीतून बरेच चालावे लागते आणि तेवढेच परतही यावे लागते, म्हणून हा बेत सकाळचाच ठेवावा.