वाचकांचे प्रश्न : अग्निशमन दलात जायचंय, कोर्स कुठला करू?

प्रश्न : मी 12वी पास आहे. आमच्या तालुक्यातली एक खासगी संस्था ‘फायर अँड सेफ्टी’चा वर्षाचा डिप्लोमा देते. तो करून नगरपालिकेत फायरमन म्हणून लागता येईल का? (सांगली जिल्हा)

उत्तर : फी भरण्याआधी विचारलंत, हे फार बरं केलंत. असे डिप्लोमा कारखान्यात, मॉलमध्ये, बांधकामाच्या साइटवर सेफ्टीच्या कामाला उपयोगी पडतात. पण नगरपालिका-महापालिकांच्या बहुतेक जाहिरातींत अग्निशामक पदासाठी 10वी आणि राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र, मुंबई इथला सहा महिन्यांचा कोर्स ‘किंवा समकक्ष’ असं लिहिलेलं असतं. मुलं घसरतात ती या ‘समकक्ष’वर. संस्था तोंडी ‘चालतं हो’ म्हणते, मैदानी चाचणी पारही होते, आणि कागदपत्रांच्या तपासणीत प्रमाणपत्र बाद ठरतं. तोवर पैसे गेलेले असतात आणि वयोमर्यादा जवळ आलेली असते.

म्हणून आधी दोन-तीन जुन्या जाहिराती काढून शैक्षणिक अर्हतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा. मग संस्थेकडे शासनमान्यतेच्या आदेशाची प्रत मागा. द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथून उठा.

मुंबई अग्निशमन दलाचं वेगळं आहे. तिथं निवड झाल्यावर दल स्वतःच प्रशिक्षण देतं. अधिकारी व्हायचं असेल तर उपस्थानक अधिकारी पदाचा वर्षाचा कोर्स असतो. फायर इंजिनिअरिंगची पदवी हवी असेल, तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे.

प्रश्न : माझी उंची 164 सेंमी आहे. मुलींना हे काम झेपतं का? तयारी कशी करू? (नाशिक)

उत्तर : झेपतं, पण तयारी नेमकी हवी. मुंबईच्या 2022च्या भरतीत पुरुषांना 172 आणि महिलांना 162 सेंमी उंची मागितली होती. इतर अनेक ठिकाणी पुरुषांना 165 चालते. उंची अनवाणी मोजतात, म्हणून घरीही तशीच मोजा.

नुसतं धावून भागत नाही. 50 किलोची डमी (माणसाच्या आकाराचा पुतळा) खांद्यावर घेऊन चालायला लावतात, तिथं अनेकजणी अडतात. वाळूचं पोतं 20 किलोपासून सुरू करून हळूहळू वाढवा. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून उचला. कमरेतून वाकलात तर पाठ धरलीच.

वजनाचा अंदाज यावा म्हणून होजचं, म्हणजे आगीवर पाणी मारायच्या लवचीक पाइपचं उदाहरण घ्या. 63 मिमी व्यासाच्या 15 मीटर होजमध्ये सुमारे 47 लिटर पाणी मावतं, म्हणजे एकेका होजमागे 47 किलो पाण्याचाच भार. म्हणून शक्यतो होज कोरडा असतानाच जागेवर ओढून न्यायचा, पीळ काढायचे आणि मगच पंपवाल्याला पाण्याचा इशारा द्यायचा. दोन होज जोडताना कपलिंग (होजच्या टोकाचा धातूचा जोड) ‘टक्’ आवाज येईपर्यंत आत दाबायचं आणि मग उलटं ओढून पाहायचं. खाचेत वाळूचा कण अडकला तर एका बाजूचा दात बसत नाही, आणि प्रेशर येताच जोड सुटून जवळच्या माणसाच्या पायावर आदळतो. हे उलटं ओढून पाहणं पहिल्या दिवसापासून हाताच्या सवयीचं करा.