देव मानला नाही तर जगण्याला अर्थ काय उरतो?

तुम्ही विचारलंय की देव नाही, सगळं निसर्गाच्या नियमानं चालतं असं धरलं तर जगण्याला अर्थ काय उरतो. खाली जोडलंय की भूकंप, दुष्काळ यांच्यामागं देवाचा काही हेतू आहे असं मानलं तरच मन थाऱ्यावर राहतं. पहिल्या प्रश्नावर जाणकार लिहितील. मी या दुसऱ्या वाक्यासाठी लिहितोय, कारण मी औसा तालुक्यातला आहे आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमचं गाव पडलं.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली होती. चार वाजायला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. मी शाळकरी होतो. त्या पहाटेचं मी लिहिणार नाही, लिहायचंय ते नंतरचं.

पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर एक कीर्तनकार आले. म्हणाले, गावागावात पाप माजलं, म्हणून धरणीमाय कोपली. लोक माना डोलवत होते. ज्यांची लेकरं गेली त्यांनासुद्धा ते पटत होतं, कारण काहीतरी कारण हाताला लागत होतं. माझे वडील, आमचे अण्णा, गवंडी. गळ्यात माळ, पंढरीची वारी कधी चुकवली नाही. महाराजांपुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. ते उठले आणि म्हणाले, "महाराज, त्या भिंती म्या रचल्यात. पाप मधी आणू नका."

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी नीट कळला. आमच्याकडची भिंत दोन-अडीच फूट जाड. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधी बारके धोंडे आणि मातीचा गारा. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेलं सपाट छत, आणि गळू नये म्हणून दरसाल पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकायची. पिढ्यान् पिढ्या माती चढत गेली. एका हिसक्यात दोन्ही थर फाकले आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. गावाच्या कडेला छपरात राहणारे कितीतरी गरीब वाचले, वाड्यातली माणसं गेली. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मजबूत होता तिथं भिंती ढासळल्या तरी बऱ्याच ठिकाणी छत उभं राहिलं. कोण जगलं आणि कोण गेलं, त्याचा हिशोब असा लाकडात आणि मातीत लागतो.

जमीन का हलली, तेही कळण्यासारखं आहे. भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडं सरकतोय, त्याचा ताण आतल्या खडकात साठतो आणि जुन्या कमजोर भेगेवर मोकळा होतो. 1992 मध्येच किल्लारीकडं हादरे बसले होते. माणसं काही दिवस बाहेर झोपली आणि परत घरात गेली. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, मग भिणार कोण?

माझे थोरले चुलते अजून म्हणतात, "ज्याचं त्याचं आयुष्य तेवढंच लिहिलेलं." त्यांना मी दरवेळी एकच विचारतो. किल्लारीचा भूकंप 6.2 चा, जवळपास 10 हजार माणसं गेली. पुढच्याच जानेवारीत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला 6.7 चा झाला, म्हणजे आपल्यापेक्षा मोठा. भरवस्तीत. तिथं साठच्या आसपास गेली. तिथल्यांच्या कपाळावर आयुष्य जास्त लिहिलं होतं का घरं नीट बांधली होती? याचं उत्तर ते देत नाहीत, उठून जातात.

निसर्गाला तुमचं पापपुण्य ठाऊक नाही, हे मला स्पष्ट सांगायचंय. त्यानं जगणं निरर्थक होतं हे मला मान्यच नाही. पुनर्वसनाच्या काळात गवंड्यांना शिकवलं गेलं, अण्णाही शिकले. आरपार दगड कुठं घालायचा, दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना एकत्र बांधणारा काँक्रीटचा पट्टा कसा घ्यायचा. नंतर कुणी म्हणालं, पट्टा राहू द्या, खर्च वाढतो, तर अण्णा थापी पिशवीत टाकून घरी यायचे. ते काम दुसऱ्याला जायचं, घरात ओढाताण व्हायची, तरी त्यांनी कधी बिनपट्ट्याची भिंत उचलली नाही. जगण्याचा अर्थ मला तिथं दिसला. त्यांची वारी मात्र सुटली नाही. ते म्हणायचे, आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचा देव जात्यावर दळू लागतो, तो लेकरावर माळवद कशाला पाडील?

मी स्वतः देव मानत नाही. तरी येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जातो. कडब्याची कोप (खोपी) करतो, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतो, भज्जी, उंडे, अंबिल घेऊन पंगत बसते. रानात हरभरा, ज्वारी उभी असते आणि तिच्यात अंबिल शिंपडताना माझं मन खरंच भरून येतं. यात ढोंग आहे असं चुलते म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या मातीनं गाव गाडलं तीच पोसते, आणि दोन्ही वेळा तिच्या मनात काही नव्हतं. तिच्यापुढं हात जोडायला मला तिचा हेतू लागत नाही.

एक मात्र सांगतो. हे सगळं चुलत्यांशी बोलायचं, चुलतीशी नाही. तिची लेक त्या रात्री गेली आणि तिनं हरिपाठ म्हणून दिवस काढले. तिच्यापुढं मी नॉर्थरिजचं नाव काढत नाही. तुमच्याही घरातलं कुणी असं गेलं असेल तर माझं वरचं बोलणं सोडून द्या.

नसेल, आणि तुम्ही आमच्यासारख्या दगड-मातीच्या घरात राहत असाल, तर आधी माळवदावरची माती कमी करा आणि जाणत्या गवंड्याला बोलावून भिंतीचे दोन्ही थर एकमेकांना बांधून घ्या. पावसाळ्याआधी करा, ओल्या मातीचं वजन आणखी वाढतं.