वेकबोर्ड बोटीच्या टॉवरवर एलईडी लाइट्स स्वतः बसवता येतात का? वायरिंग कसं करायचं?

हो, येतात. एका वीकेंडचं काम आहे, फार हत्यारं पण लागत नाहीत. तुम्ही लिहिलंय की फळीवर उभ्या माणसाला दोरीने मागे ओढणारी सेकंडहँड वेकबोर्ड बोट घेतलीय, टॉवर (ती दोरी बांधायची वरची चौकट) आहे पण दिवे नाहीत, चार एलईडी लावायचेत, आणि मित्र म्हणतोय निगेटिव्ह टॉवरलाच अर्थ कर, पॉझिटिव्ह म्युझिकच्या ॲम्प्लिफायरच्या वायरीतून घे, अर्ध्या तासात होईल. कृपा करून या दोन्ही गोष्टी करू नका, का ते सांगतो.

मी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटजवळ राहतो, लेक नॉर्मनला बोट असते आमची. ती घेतली तेव्हा आधीच्या मालकाने टॉवरवर दिवे लावलेले होते आणि अगदी तुमच्या मित्राने सांगितलंय तसेच. दिव्याची निगेटिव्ह वायर टॉवरच्या पाइपला स्क्रूने मारलेली आणि टॉवरच्या खालच्या पायाजवळून एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला. म्हणजे सगळा करंट परत येणार तो टॉवरच्या बिजागरीतून, बोल्टातून. पहिल्या महिन्यात दिवे लागायचे, लाट आली की मिचमिचायचे, मग एक बाजू बंदच झाली. खोललं तर स्टीलच्या स्क्रूभोवती ॲल्युमिनियमची पांढरी पूड आणि पावडर कोटिंग फुगून फोड आलेले. आपल्याकडे गाडीत बॉडी अर्थ करायची सवय असते, गाडीची सगळी बॉडी लोखंडाची आणि बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली म्हणून ते चालतं. बोट फायबरची आहे, टॉवर म्हणजे वर नुसती बसवलेली ॲल्युमिनियमची चौकट, तिचं काम दोरीचा ओढा झेलायचं, करंट न्यायचं नाही. म्हणून प्रत्येक दिव्यापासून दोन वायरी, आणि निगेटिव्ह पार खाली निगेटिव्ह बसबारपर्यंत (सगळ्या निगेटिव्ह वायरी एकत्र येतात ती धातूची पट्टी) परत आणायची. या कामातली अर्धी मेहनत ही परतीची वायर आणण्यातच आहे, आणि ती टाळली की पुढे सगळं बिघडतं.

आता ॲम्प्लिफायरच्या वायरीचं. त्या वायरीवर फ्यूज असतो ६० नाहीतर ८० अँपिअरचा, कारण ती वायर जाड असते. तुम्ही त्यातून तुमची बारीक वायर काढलीत आणि ती टॉवरच्या भोकाच्या धारेवर घासून शॉर्ट झाली तर ८० चा फ्यूज वेळेवर उडेलच असं नाही, त्याच्या आधी तुमची वायर लाल होऊन इन्शुलेशन पेटू शकतं. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो, वायर बारीक झाली की तिथे तिचा स्वतःचा फ्यूज हवा. आणि हे सगळं पेट्रोल इंजिनच्या बोटीत चाललंय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली इंजिनच्या कप्प्यात साचते. म्हणून काम सुरू करण्याआधी इंजिनचं झाकण उघडून ठेवा, वास नाही ना बघा, बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा आणि मगच हात घाला. कप्प्यात जे काही बसवाल, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असो, स्विच असो, फ्यूज होल्डरसुद्धा, त्यावर इग्निशन प्रोटेक्टेड असं लिहिलेलं असलंच पाहिजे, म्हणजे त्याची ठिणगी बाहेरच्या वाफेला लागत नाही. मी तर शक्य तेवढं सगळं डॅशखालीच ठेवतो.

वायरीला हात लावायच्या आधी दिवे कुठे लावायचे ते ठरवा, आणि ते दिवसा ठरवू नका. रात्री बोट ट्रेलरवर असताना एक दिवा बॅटरीला क्लिपा लावून पेटवा, कोणालातरी तो टॉवरवर धरायला सांगा आणि स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसा. माझी बायको दिवा धरून उभी होती, मी इकडे तिकडे कर म्हणत होतो आणि पाच मिनिटांत कळलं की पुढचे दिवे मी जिथे लावणार होतो तिथून सगळा उजेड बोटीच्या पांढऱ्या नाकावर पडून थेट डोळ्यात येतोय, समोरचं पाणी म्हणजे काळा पडदा. दिवे पुढे सरकवले आणि थोडे वर केले तेव्हा कुठे जमलं. मागचे दोन दिवे मात्र खाली वाकवून स्विम प्लॅटफॉर्मवर, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर पडतील असे ठेवा, तेच सगळ्यात जास्त वापरले जातात, माणसं पाण्यातून चढतात, बोर्ड आत घेतात, दोरी गुंडाळतात. मागे पसरट बीम घ्या, पुढे लांब. जमलं तर मागचे पिवळसर रंगाचे घ्या, किडे कमी येतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. टॉवरवर बहुतेक वेळा तुमचा पांढरा नेव्हिगेशन दिवा (रात्री बाकीच्या बोटींना आपली बोट दिसावी म्हणून असतो तो) पण असतो, तो चारी बाजूंनी दिसायला हवा, तुमच्या बोटीएवढ्या बोटीला दोन नॉटिकल मैलांवरून. तुमचे नवीन दिवे त्याच्या आड येता कामा नयेत. अमेरिकेतल्या नेव्हिगेशन रूल्समधला २० वा नियम सरळ सांगतो की सूर्यास्त ते सूर्योदय असे दुसरे कुठलेही दिवे लावायचे नाहीत ज्यामुळे नेव्हिगेशनच्या दिव्यांचा घोटाळा होईल किंवा ते दिसणार नाहीत किंवा नजर ठेवायला अडथळा येईल. म्हणजे पुढचे दिवे धक्क्याला लागताना, ट्रेलरवर चढवताना, पाण्यात काही शोधताना लावायचे, बोट चालवताना बंद. निळे लुकलुकणारे दिवे तर अजिबात नको, ते पोलिसांच्या बोटीचे. आणि टॉवर लाइट लावले म्हणजे रात्री वेकबोर्डिंग करता येईल असंही नाही, इथे नॉर्थ कॅरोलिनात सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयाच्या एक तास आधीपर्यंत मागे माणूस ओढायला मनाई आहे, तुमच्या राज्याची वेळ बघून घ्या. पुढचे आणि मागचे वेगवेगळ्या स्विचवर घ्या, हे या सगळ्यामुळेच.

आता वायर किती जाड. समजा चार दिवे १८ वॉटचे, म्हणजे ७२ वॉट, १२ व्होल्टवर ६ अँपिअर. बॅटरीपासून डॅश, डॅशपासून टॉवरचा पाय, तिथून वर, माझ्या बोटीत हे जवळपास २५ फूट भरलं, पण करंट जातो आणि परतही येतो म्हणून हिशोब ५० फुटांचा करायचा, इथे लोक चुकतात. १४ गेजला (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) ६ अँपिअरवर पाऊण व्होल्ट वाटेतच जातं, म्हणजे साधारण ६ टक्के. १२ गेजला अर्ध्या व्होल्टच्या आत, ४ टक्के. एबीवायसी या बोटींचे स्टँडर्ड ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या ई-११ स्टँडर्डप्रमाणे अशा दिव्यांना १० टक्क्यांपर्यंत चालतं, नेव्हिगेशनच्या दिव्यांना ३, म्हणजे १४ पण पास होते, तरी मी १२ च घालतो. पैशाचा फरक थोडा आहे आणि टॉवरच्या पाइपातून वायर दुसऱ्यांदा ओढायची वेळ कोणावर येऊ नये. जुने हॅलोजन असते ५५ वॉटचे चार, तर १८ अँपिअर झाले असते आणि १४ गेजमध्ये दोन व्होल्टच्या वर गेलं असतं, म्हणून जुन्या बोटींवरचे दिवे तसे मळकट पिवळे दिसायचे.

वायर टिन केलेली, म्हणजे तांब्यावर कथिलाचा थर असलेली, मरीनचीच घ्या, बाहेर एक गोल आवरण आणि आत लाल-पिवळी जोडी मिळते ती. पिवळी निगेटिव्ह. साधी गाडीची वायर नको. मी मूळचा रत्नागिरीचा, आमच्या खाडीकाठच्या घरात कुठलाही प्लग उघडला तर आत तांबं हिरवं झालेलं, वायर कितीही मागे सोलत गेलं तरी काळीच. तलावाचं पाणी गोडं असलं तरी ओल तीच, उघड्या टोकातून ती वायरीच्या आत चढत जाते. टिनचा थर असला की ते फार हळू होतं.

पाइपातून वायर ओढणं हे खरं चिकाटीचं काम. आधी बघा, काही टॉवरमध्ये फॅक्टरीतूनच वायर किंवा दोरी घालून ठेवलेली असते. नसेल तर टॉवर दुमडून खाली घ्या, पाइपाच्या एका टोकाला नायलॉनच्या बारीक दोरीला प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा बांधून ठेवा आणि दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा, दोरी सुळकन येते. मग त्या दोरीने वायर ओढा आणि वायरीबरोबर अजून एक दोरी आत सोडून द्या, उद्या स्पीकर लावावेसे वाटले तर तीच कामाला येईल. वायर कडेला सोलू नये म्हणून भोकाला कानस मारून धार घालवा आणि रबराचं ग्रॉमेट, म्हणजे कडेला बसणारी रबरी कडी, बसवा. आणि जिथे टॉवर दुमडतो त्या बिजागरीपाशी वायरीला ढील ठेवा. सगळं बांधून झाल्यावर टॉवर पूर्ण खाली, पूर्ण वर, असं चार-पाच वेळा करून बघा, वायर कुठे ताणली किंवा चिमटली जाते ते तेव्हाच दिसतं.

टॉवरला नवीन भोकं शक्यतो पाडू नका, दिवे क्लॅम्पने बसवा. पाइपाचा व्यास फुटपट्टीने नाही, कॅलिपरने मोजा, सव्वादोन आणि अडीच इंच डोळ्यांना सारखेच वाटतात आणि सैल क्लॅम्प पहिल्याच लाटेला फिरतो. स्टीलच्या बोल्टला टेफ-जेल (धातू एकमेकांत जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावा, नाहीतर ॲल्युमिनियममध्ये तो असा जाम होतो की दोन वर्षांनी तुटतो पण सुटत नाही.

जॉइंट जितके कमी तितकं बरं. जिथे करावेच लागतील तिथे आत गोंद असलेले हीट श्रिंक बट कनेक्टर (दोन वायरी जोडणारी, गरम केली की आवळणारी नळी), चांगल्या रॅचेट क्रिम्परने, म्हणजे कनेक्टर दाबायच्या पकडीने दाबलेले, ओढून बघायचे आणि मग गरम करायचे की कडेतून गोंद बाहेर दिसला पाहिजे. पिळून काळी टेप नको, चालू वायरीला चावणारे ते निळे क्लिप पण नकोत. नुसत्या सोल्डरवर पण भरवसा ठेवू नका, बोट सारखी हादरत असते आणि सोल्डर संपतो तिथे वायर कडक होऊन तुटते. दिव्याजवळ वायर खाली लोंबून मग वर जाईल अशी वळवा म्हणजे पाणी त्या वळणावरून ठिबकतं, दिव्यात शिरत नाही.

करंट कुठून घ्यायचा? डॅशखाली फ्यूज ब्लॉकमध्ये रिकामी जागा असेल तर तिथूनच घ्या, १० अँपिअरचा फ्यूज, तिथून स्विचला, स्विचमधून वर. रिकामी जागा नसेल तर बॅटरीपासून नवीन लाइन टाका, आणि त्यावर फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत, हे त्याच स्टँडर्डमध्ये आहे, कारण फ्यूजच्या आधीचा तुकडा कोणीच राखत नाही. दोन बॅटऱ्या असतील तर म्युझिकवाल्या बॅटरीवरून घ्या, इंजिन सुरू करायची बॅटरी मोकळी राहू दे. रिले हवाच असं सगळे सांगतात, पण ६ अँपिअरला १५-२० अँपिअरचा चांगला मरीन रॉकर स्विच पुरतो. रिले म्हणजे अजून चार जोड आणि तेवढ्याच खराब व्हायच्या जागा.

शेवटी मल्टिमीटर काढा. दिवे लावून, म्हणजे लोडवर, बॅटरीशी व्होल्टेज घ्या आणि मग सगळ्यात लांबच्या दिव्याशी घ्या. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त आला तर कुठलातरी क्रिम्प कच्चा आहे, एकेक जॉइंट तपासत खाली या. मग बॅटरीच्या वायरी काढून टॉवरचा पाइप आणि निगेटिव्ह बसबार यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे दोन्ही आतून जोडलेले आहेत का ते मीटरने बघा. बीप वाजली तर कुठेतरी वायर आत सोलली गेलीय किंवा दिव्याची बॉडीच त्याच्या निगेटिव्हला जोडलेली आहे, मग क्लॅम्पमध्ये रबर घालून तो दिवा वेगळा करावा लागेल. आणि पहिल्या रात्री बोट पाण्यात उतरवली की धक्क्यावरून शंभरएक फूट चालत जाऊन मागे वळून बघा, मग दुसऱ्या बाजूने पण बघा. तुमचा पांढरा दिवा, लाल, हिरवा, जिथून जे दिसायला हवेत तिथून नीट दिसतात का. नाही दिसले तर क्लॅम्प सैल करून दिवे सरकवा, वायरीला ढील ठेवलेलीच आहे.