चेन लावलेलं बायबल

समुपदेशनाला येणाऱ्या बहिणींकडून एक बोलणं मी इतक्यांदा ऐकलंय की ते सुरू झालं की शेवट मला माहीत असतो. "मॅडम, संकट वरून आलं असतं तर प्रभूकडं गेले असते. पण हा घोळ माझा मीच घातलाय. आता कोणत्या तोंडानं जाऊ?" आजारपण असो, मरण असो, पोराची नोकरी असो, प्रार्थना मागायला कुणी लाजत नाही. स्वतःच्या हातानं झालेल्या गुंत्यासाठी मात्र मंडळीत उभं राहायला पाय उचलत नाहीत. आधी सगळं निस्तरते, मग येते, असं म्हणत वर्ष निघून जातं.

नगरकडच्या एका ताईंची गोष्ट त्यासाठी सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

दर बुधवारी दुपारी मी चर्चच्या मागच्या खोलीत बसते. खोली म्हणजे खरं तर संडे स्कूलची अडगळ. नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांच्या काठ्या, पुठ्ठ्याचा पंख मोडलेला एक देवदूत, सतरंज्यांची चवड आणि मधोमध एक टेबल. ताई आल्या, "सलाम मॅडम" म्हणून खुर्चीच्या कडेवर टेकल्या. मांडीवर बायबल, चेनच्या कव्हरचं. इतकं फुगलेलं की चेन ताणली होती. एक हात त्या बायबलवर, दुसरा सारखा गळ्याशी. मला वाटलं, पदर सावरतायत.

झोप लागत नाही, छातीत धडधडतं, मुलीवर उगाच खेकसते, एवढंच त्या बोलल्या. आणि मी चूक केली. घाईनं वचन काढलं, आपली सगळी चिंता प्रभूवर टाका म्हणाले, प्रार्थना केली. त्या "आमेन" म्हणाल्या, उठल्या आणि पुढचे चार बुधवार फिरकल्या नाहीत.

वचन खरंच होतं. वेळ चुकली होती. पूर्ण न ऐकता दिलेलं वचन समोरच्या बाईला दार लावल्यासारखं लागतं. तिला कळतं की या बाईंना पुढचं ऐकायचं नाहीये. हे मला माहीत असूनही माझ्याकडून अजून होतं.

पाचव्या बुधवारी त्या परत आल्या. या खेपेला मी वचनबिचन काही काढलं नाही, चहा मागवला. अर्धा कप झाल्यावर सहज म्हणाले, "तुमचं बायबल केवढं जाड आहे हो, मोठ्या टायपाचं का?" त्या हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या. मग चेन ओढली.

आतून हप्त्यांची कार्डं निघाली. एक गुलाबी, एक पिवळं, एक पावसात भिजून वाळलेलं. सोनं गहाण ठेवल्याची पावती, घड्या घालून घालून फाटायला आलेली. वहीचं एक चिठोरं, त्यावर नुसते आकडे.

"घरात लपवायला दुसरी जागाच नाही. तांदळाच्या डब्यात सासूबाईंचा हात असतो, कपाट मिस्टर उघडतात. बायबलला कोणी हात लावत नाही."

म्हणून सात महिने त्यांनी बायबल उघडलंच नव्हतं. रविवारी पाळकसाहेब अध्याय सांगत, सगळ्या मंडळीत पानं उलटल्याचा आवाज होई, आणि या मागच्या बाकावर चेन लावलेलं बायबल छातीशी धरून बसत. एखादं कार्ड घसरून पडलं तर?

सुरुवात साधी होती. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मायक्रोफायनान्स कंपनीच्या गटातून तीस हजारांचं कर्ज उचललं. बचत गट नव्हे. हा गट म्हणजे काही जणींनी एकमेकींना जामीन राहायचं, हप्त्याच्या दिवशी एकीच्या घरी मीटिंग, आणि एकीनं चुकवलं की बाकीच्यांनी भरायचं. ते तीस फेडायला चाळीसचं दुसरं कर्ज. तिसरं ४५,००० चं तर त्यांनी स्वतःसाठी घेतलंच नव्हतं. गटातल्या मैत्रिणीला नवं कर्ज मिळत नव्हतं. ती म्हणाली, तुझ्या नावावर उचल, हप्ते मी भरते. काही हप्ते भरले, आणि एका सकाळी तिच्या दाराला कुलूप. मग मंगळसूत्र गहाण. गळ्यात होतं ते बेंटेक्सचं. हात तिथं का जात होता ते मला तेव्हा कळलं.

त्यातच एका प्रार्थनासभेत त्यांना कोणी तरी सांगितलं, पाच हजारांचं बीज पेरा, कर्ज फिटेल, विश्वास कमी पडतोय तुमचा. त्यांनी सावकाराकडून महिना दहा टक्क्यांनी पंधरा हजार काढले आणि त्यातले पाच त्या सभेत दिले. हे ऐकताना माझा चहा निवून गेला. बुडत्या बाईच्या हातातली काठीसुद्धा प्रभूच्या नावानं मागून घेणाऱ्यांविषयी मला काय वाटतं ते इथे लिहीत नाही, पाळकसाहेबांना सांगितलंय.

मी त्यांना सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" हा प्रश्न आपल्याकडं अशुभ म्हणून टाळतात. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही. आत असेल तर बाहेर येतो. त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "झोपावं आणि उठूच नये, असं वाटतं." मग पुढचा अर्धा तास आम्ही फक्त त्यावर बोललो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, त्यांच्या फोनमध्ये 'शिवणकाम' या नावानं घातला. रात्री दोनला मी उठेनच असं नाही, तिथं कोणी तरी असतं. आणि रोज रात्री मला एक मिस्ड कॉल द्यायचा, एवढं ठरलं.

मग कार्डं टेबलावर ओळीनं मांडली. "सगळं मिळून किती?"

"तीन-चार लाख असतील."

"बेरीज केलीत कधी?"

नव्हती केली. पेन्सिल त्यांच्याच हातात दिली. मी बेरीज केली असती तर तो आकडा माझा झाला असता. पहिल्याचे राहिलेले ११,२००. दुसऱ्याचे २७,६००. मैत्रिणीचे ३८,५००. सोन्याचे व्याजासकट ५१,७००. सावकाराची मुद्दल १५,०००. दोनदा बेरीज केली, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसेना. एक लाख चव्वेचाळीस हजार.

रक्कम लहान नाही. पण सात महिने ज्या आकड्याला घाबरून त्या जागत होत्या, तो आकडा कुठल्याच कार्डावर नव्हता.

बायबल आता रिकामं, सपाट होऊन टेबलावर पडलं होतं. मी म्हटलं, मार्क सहावा अध्याय काढा. पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट आपल्याला संडे स्कूलपासून पाठ असते, म्हणून तिच्यातला एक प्रश्न कानावरून निघून जातो. संध्याकाळ झालीय, रान आहे, लोक उपाशी. शिष्य म्हणतात, यांना पाठवून द्या. येशू विचारतो, तुमच्याजवळ किती भाकरी आहेत? जाऊन पाहा. हीच गोष्ट योहानानं सांगितलीय तिथं फिलिप्प नावाचा शिष्य भेटतो. त्यानं हिशेब आधीच करून ठेवलाय: दोनशे दीनारांच्या भाकरी आणल्या तरी पुरणार नाहीत. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. फिलिप्पाचं गणित बरोबरच होतं. पण ते नाही त्याचं गणित होतं. येशूनं विचारलं ते आहे त्याचं. आणि विचारून थांबला नाही, मोजायला पाठवलं. अंदाज चालला नाही. पाच भाकरी, दोन मासे, असा नेमका आकडा परत आला, आणि तेवढंच त्यानं हातात घेतलं.

ताई म्हणाल्या, "म्हणजे मी फिलिप्प." मी हसले. आपण सगळ्याच.

कार्डाच्या पाठीमागं आम्ही दुसरी यादी केली. दोन मेसना पोळ्या जातात त्याचे महिन्याचे आठ हजार. मिस्टरांचा एमआयडीसीतला पगार. दिवाळीचा बोनस. शिलाई मशीन, जी सात महिने चादरीखाली होती. शेवटी त्यांनी 'मिस्टर' असं लिहिलं, खोडलं, आणि बराच वेळ पेन्सिल फिरवून परत लिहिलं.

प्रार्थना कोण करणार विचारलं, तर त्याच म्हणाल्या, मी करते. डोळे मिटले आणि म्हणाल्या, "प्रभू येशू, एक लाख चव्वेचाळीस हजार आहेत. आमेन." इतकी नेमकी प्रार्थना मी क्वचितच ऐकलीय.

नवऱ्याला सांगायला आणखी तीन बुधवार गेले. दारू नाही, मारहाण नाही, शांत माणूस आहे, याची खात्री करूनच मी सांगा म्हटलं. घरात हात उचलला जात असेल तर वाट वेगळी असते, तिथं आधी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि सुरक्षित जागा, हे इथेच सांगून ठेवते.

सांगितलं ते रविवारी उपासनेनंतर. ते ओरडले नाहीत. ताट बाजूला सारून बाहेर गेले आणि आठ दिवस बोलले नाहीत. ताई म्हणतात, ओरडले असते तर बरं झालं असतं. नवव्या दिवशी त्यांनी कार्डं मागितली, मुलीची जुनी वही घेतली आणि सगळं स्वतःच्या अक्षरात उतरवून काढलं.

आणि सासूबाई! त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. "काळे मणी खरे का खोटे ते ओळखायला चष्मा लागत नाही. रोज पहाटे तुझ्यासाठी गुडघे टेकत होते, तू बोलशील म्हणून वाट बघत होते." सासूबाईंची आजी दुष्काळात पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, आपल्या मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या मुलींपैकी. मुक्तीत प्रार्थना जशी चालायची तशा शेती, माग, छापखानाही चालायचा, हे त्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगितलं गेलंय. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थना झाल्यावर म्हातारी उठली आणि पोळ्यांची कणीक मळायला बसली. मेस दोनाच्या तीन झाल्या.

बाकीचं काम रटाळ होतं, तरी थोडं सांगते, कारण कुणाला उपयोगी पडेल. सावकाराकडं परवाना नव्हता. परवान्याशिवाय सावकारी हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडं करता येते. तक्रार करावी लागली नाही. मिस्टर, पाळकसाहेब आणि मंडळीतले एक निवृत्त कारकून असे तिघं जाऊन बसले, आतापर्यंत भरलेलं व्याज वहीतून वाचून दाखवलं, आणि बोनसमधल्या नऊ हजारांवर विषय मिटला. गटाच्या वसुलीवाल्या साहेबांचा फोन रात्री साडेआठला यायचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कर्जासाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, धमकावता तर मुळीच येत नाही. कंपनीनं ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. ताईंनी हे वाक्य आरशासमोर पाठ केलं: "साहेब, पैसे बुडवणार नाही, पण सहानंतर फोन नको." म्हणताना आवाज कापला. फोन मात्र थांबले.

याला चौदा महिने झाले. गुलाबी कार्ड पूर्ण झालं, पिवळ्याचे थोडे हप्ते उरलेत. मैत्रिणीचं कर्ज ताईच भरतायत, सही त्यांची आहे. मंगळसूत्र अजून सुटलेलं नाही. व्याज भरून मुदत वाढवून घेतलीय. झोपेची गोळी डॉक्टरांनी बंद केली. काही बहिणी मला विचारतात, मग प्रभूनं नक्की केलं काय, सगळं तर यांनीच फेडलं. हा प्रश्न मी ताईंनाच विचारला होता. पोळी उलटावी तसा हात करून म्हणाल्या, "भाकरी पण शिष्यांनीच वाटल्या ना मॅडम."

गेल्या महिन्यात त्या आल्या तेव्हा बायबलची चेन तुटलेली होती. बदलून घ्यायला वेळ नाही म्हणाल्या. मग मैत्रिणीचा फोन आल्याचं सांगितलं. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडून नुसतं रडणं. चाकणला कुठल्या तरी कॅन्टीनमध्ये भांडी घासते म्हणाली.

"पैशाचं मी बोललेच नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं. राग आहे अजून, मॅडम, खोटं कशाला सांगू." कार्ड चाळत त्या थोडा वेळ बसल्या. मग उठता उठता म्हणाल्या, "तिची कार्डं घेऊन तिला एखाद्या बुधवारी इकडं आणलं तर चालेल?"